चोवीस बारे

कार्ड सेकंडहँड, जेल रोडवरून आणलेलं,
तीन पंख्यांचं, विटेएवढं जड.
लोकेश पोरवालनं अठरा हजार दोनदा मोजले
आणि वर म्हणाला, दीदी, चलेगा नहीं, दौडेगा.

दौडलं. चार मिनिटं.
महूच्या एका लग्नाचा व्हिडिओ रेंडरला टाकलेला,
नवरी वरमाला उचलते तिथवर आला
आणि खट्.
पडदा काळा, पंखे गप्प,
खोलीत फक्त सुदामा नगरची दुपार
आणि खालच्या मजल्यावर कुकरची शिट्टी.

पुन्हा सुरू केलं. पुन्हा वरमाला. पुन्हा खट्.
ड्रायव्हर काढला, घातला.
रॅमच्या पट्ट्या खोडरबरानं घासल्या.
झाकण उघडं टाकून टेबलफॅन लावला.
जुनं कार्ड बसवलं की मशीन शहाण्यासारखं चालायचं,
नवं बसवलं की त्याच हारापाशी मरायचं.
तीन दिवस त्या बिचाऱ्या नवऱ्याच्या
गळ्यात हार पडेना.

मी म्हटलं, बाबा, याचं माझ्यासारखंच झालंय,
जरा जास्त काम पडलं की...
'उपमा नंतर. आधी मीटर आण.'

चौतीस वर्षं वीज मंडळात,
त्यातली एकोणीस सबस्टेशनात, रात्रपाळीला.
अजूनही कुठलाही पत्रा
आधी हाताच्या पाठीनं चाचपतात.
भिंतीतला दाब पाहिला : दोनशे एकतीस. ठीक.
अर्थिंग पाहिलं. ठीक.
मग गुडघे टेकले, टॉर्च माझ्याकडे दिला
आणि पॉवर सप्लायच्या डब्याचं लेबल वाचलं,
मोठी अक्षरं सोडून
नुसती बारीक.

'पाचशे वॅट लिहिलंय. खोटं नाही, पण तुझ्या कामाचं नाही.
कार्ड पितं बारा व्होल्टवर.
तिथे अँपियर किती? चोवीस.
चोवीस बारे?'
मी चाळिशी ओलांडलेली बाई,
पाढा चुकलेल्या पोरीसारखी उभी.
'दोनशे अठ्ठ्याऐंशी.
कार्डाला दोनशे वीस, प्रोसेसरला शंभर. कर बेरीज.'

मी म्हटलं, पोरवालकडचा मुलगा
डबा उघडून आतली ट्रिपच काढून टाकतो,
दोनशे रुपयांत. मग बंद पडायचा प्रश्नच नाही.

बाबा उठता उठता परत खाली बसले.
'रिलेला मी एकदा काडी लावली होती.
आगपेटीची.
साहेबांचा फोन होता, कुणाची तरी सभा होती,
फीडर पडता कामा नये.
नाही पडला.
देपालपूरकडे तार तुटून शेतात लोंबली, तरी नाही पडला.
रामरतन ती बाजूला करायला गेला.'

हे नाव या घरात मी कधी ऐकलं नव्हतं.
आईला माहीत होतं का, ते आता कोण सांगणार.
मीटरच्या लाल-काळ्या वायरी
ते बोटांना गुंडाळत होते, सोडत होते.
'उजवा हात,' म्हणाले.
आणि थोड्या वेळानं,
'पडतंय ना, पडू दे त्याला.'

संध्याकाळी साडेसहाशेचा डबा आणला,
दुकानातच बारीक अक्षरं वाचून : चोपन्न अँपियर.
पोरवाल हसला, दवाई की एक्सपायरी देख रही हो क्या दीदी?
कार्डाच्या दोन खाचांना दोन स्वतंत्र केबली,
एकीचंच शेपूट दोन्हीकडे नाही,
हे बाबांनी बजावलेलं.

नऊ वाजून गेल्यावर कधीतरी हार पडला.
बँड वाजला, कुणाची तरी आत्या रडली,
मी जेवायचं विसरले.

सकाळी जुना डबा भंगारात टाकायला उचलला
तर पाचशेवर बॉलपेनची रेघ,
खाली बाबांच्या तिरप्या अक्षरात २८८,
आणि सही, तारीख, वेळ,
लॉगबुकात करतात तशी.

त्या रात्रीच्या पानावर त्यांनी काय लिहिलं होतं,
मी विचारलं नाही.
डबा अजून माळ्यावर आहे.